किती माणसं? किती दिवस? – महाबळेश्वरच्या एका किराणा दुकानातून शिकलेला धंदा



गेल्या व्हिडिओमध्ये मी महाबळेश्वरच्या एका छोट्या किराणा दुकानाबद्दल दोन मिनिटं बोललो होतो. दोन मिनिटांत गोष्ट सांगता येते, हिशेब सांगता येत नाही. म्हणून आज ती गोष्ट इथे सविस्तर, आकड्यांसकट लिहितोय. वही-पेन घेऊन बसा.

पण आधी एक कबुली. माझ्या एका बॅचमध्ये सातारा भागातला एक तरुण होता. नाव सांगत नाही. त्याला एका थंड हवेच्या ठिकाणी मिनी मार्ट टाकायचं होतं. मे महिन्यात तो मला जागा दाखवायला घेऊन गेला. रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. मी म्हणालो, "जागा उत्तम आहे, गर्दी आहे, टाक दुकान." त्याने आईची मुदत ठेव मोडून ऑक्टोबरमध्ये दुकान टाकलं आणि पुढच्या ऑगस्टमध्ये शटर ओढलं. फोनवर एवढंच म्हणाला, "सर, गर्दी होती हो, पण गर्दी माझ्या दुकानात नव्हती."

त्या एका वाक्याने माझी झोप उडाली. चूक त्याची एकट्याची नव्हती. मी मे महिन्यातली गर्दी बघून सल्ला दिला होता. ती गर्दी नेमकं काय विकत घेते, किती घेते, कधी घेते, हे मी बघितलंच नव्हतं. ते मला त्यानंतरच्या डिसेंबरमध्ये कळलं, तेही शिकवायला नाही तर स्वतः सुट्टीवर गेलो तेव्हा.

आमची यादी आणि काकांचे दोन प्रश्न

आम्ही सहा जण होतो. आई, मी, बायको, मुलगी आणि बहीण-भावजी. दोन रात्रींसाठी एक बंगला घेतला होता, स्वयंपाकघर वापरायला मिळेल असा. आईला बाहेरचं फार सोसत नाही आणि तीन दिवस हॉटेलात खायचं म्हणजे खिशालाही सोसत नाही. आजकाल खूप कुटुंबं असंच करतात. एक जेवण बाहेर, बाकी चहा-नाश्ता आणि रात्रीची खिचडी घरी.

खरं तर सामान वाईला घ्यायचं ठरलं होतं. पसरणीचा घाट चढण्याआधी वाईच्या बाजारात भाजी, किराणा सगळं नीट मिळतं. पण गणपतीचं दर्शन झालं, उशीर झाला आणि "वर मिळेल की सगळं" म्हणत आम्ही घाट चढलो. महाबळेश्वरला पोचलो तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते, थंडी मी म्हणत होती आणि आईला चहा हवा होता.

मुख्य बाजारात गेलो. तिथे काय नाही ते विचारा! जॅम, जेली, क्रश, फज, चणे, मध, चपला, काठ्या, शाली. आणि मला पाहिजे होतं आलं. आलं आणि पाव किलो साखर. मी आख्खा बाजार फिरलो. एका दुकानात साखर होती, पण एक किलोचं पाकीट. तिथेच पाण्याची बाटली घेतली. छापील किंमत २० रुपये, मागितले ३०. का विचारलं तर म्हणाला, "थंड करायचे पैसे." डिसेंबरात, महाबळेश्वरात! मी हसलो, पैसे दिले आणि बाहेर पडलो. पुन्हा त्या दुकानाची पायरी चढलो नाही.

शेवटी बंगल्याच्या केअरटेकरने मागच्या गल्लीतलं एक दुकान सांगितलं. दहा बाय बाराची जागा असेल. गल्ल्यावर साठीचे एक काका. आईने यादी पुढे केली : साखर एक किलो, चहा पावडर पाव किलो, पोहे एक किलो, तूरडाळ एक किलो, तांदूळ दोन किलो, तेल एक लिटर, मीठ, हळद, तिखट, मोहरी, जिरं...

काकांनी यादी बघितली, चष्मा वर केला आणि विचारलं, "किती माणसं हायत? आणि किती दिवस मुक्काम?"

आई म्हणाली, "सहा जण. परवा दुपारी निघणार."

"मग ताई, एवढं घेऊन काय करताय? परत न्यायचंय का पुण्याला?"

आणि काकांनी आमची यादी आमच्यासमोर खोडून नवी लिहिली. साखर पाव किलो. चहा पावडर १०० ग्रॅम. पोहे अर्धा किलो. तांदूळ अर्धा किलो. तूरडाळ खोडून मूगडाळ पाव किलो. आईने विचारलं, "भाऊ, मूग का?" तर म्हणाले, "वर हवा थंड, पाणी बी लवकर उकळतंय पण डाळ शिजत न्हाई. बंगल्यावरच्या कुकरची रिंग कशी आसल काय सांगावं! मूग लवकर शिजतोय."

काकांचं विज्ञानही बरोबर होतं बरं का. महाबळेश्वरची उंची साधारण १,३७० मीटर. एवढ्या उंचीवर पाणी १०० अंशांना नाही, साधारण ९५-९६ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ शिजायला जास्त वेळ लागतो.

हळद, तिखट, मोहरी, जिरं यांच्या काकांनी कागदाच्या पुड्या बांधून दिल्या, काट्यावर आमच्यासमोर वजन करून. तेलाची लहान पिशवी. वरून म्हणाले, "न फोडलेलं काय उरलं तर जाताना परत आणा, पैसे घेऊन जा."

आईच्या मूळ यादीचं बिल सहज हजाराच्या वर गेलं असतं. काकांनी ते ४८२ रुपयांवर आणलं. धंद्याचा शिक्षक म्हणून मी तिथे उभा राहून मनात म्हणत होतो, हा माणूस स्वतःच्या हाताने स्वतःचं बिल निम्मं करतोय!

मग पुढचे दोन दिवस काय झालं? सकाळी दुधाला काकांकडे. अंडी काकांकडे. कोथिंबीर-लिंबू काकांकडे. मुलीची बिस्किटं काकांकडे. निघताना आईने घरी न्यायला चणेसुद्धा काकांकडूनच घेतले. माझा अंदाज, तीन दिवसांत आम्ही तिथे दोन हजारांच्या आसपास खर्च केले. आणि दहा रुपये जास्त घेणाऱ्या त्या दुकानात? फक्त ती एक बाटली.

कपाटातलं मार्केट रिसर्च

आता या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग. बंगल्यावर परत आल्यावर केअरटेकरच्या बायकोने स्वयंपाकघरातलं एक कपाट उघडून दाखवलं. म्हणाली, "मीठ-बीठ लागलं तर ह्यातलं घ्या. पाहुणे सोडून जातात."

त्या कपाटात मिठाच्या सहा-सात अर्धवट पिशव्या होत्या. हळदीची पाकिटं रबर लावलेली. अर्धी तेलाची बाटली. साखर, गोळे झालेली. कॉफीच्या बरण्या. गरम मसाल्याची पाकिटं, एकेक चमचा वापरलेली.

मित्रांनो, हजारो रुपये देऊन जे सर्वेक्षण करून घेतात ना, ते त्या कपाटात फुकट पडलं होतं. ते कपाट ओरडून सांगत होतं की गिऱ्हाईकाला हवं होतं १०० ग्रॅम आणि बाजाराने त्याला विकलं एक किलो. प्रत्येक पाहुणा जाताना थोडे पैसे आणि थोडी हळहळ तिथे ठेवून गेला होता.

घरचा किराणा आपण महिन्यावर मोजतो. सुट्टीतला किराणा माणूस दिवसावर मोजतो. काकांचे दोन प्रश्न म्हणजे तेच माप. माणसं गुणिले दिवस. बाजारातली बाकीची दुकानं किलो-लिटर विकत होती, काका दिवस विकत होते.

तुम्ही कुठल्याही धंद्यात असा, हा प्रश्न लिहून ठेवा : माझं गिऱ्हाईक कुठल्या मापात विचार करतं आणि मी कुठल्या मापात विकतो?

पर्यटनाच्या गावात खरेदी दोन प्रकारची असते

माझ्या त्या विद्यार्थ्याची आणि माझी चूक इथेच झाली होती. आम्ही गर्दी एकच समजलो. ती एक नसते.

पहिली खरेदी आठवणीची. स्ट्रॉबेरी, जॅम, मध, चपला. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, नाव देशभर आहे. ही वस्तू माणूस घरी नेण्यासाठी घेतो. त्यात मार्जिन बरं असतं, म्हणून सगळे त्यातच उतरतात. एका रस्त्यावर तोच माल विकणारी पंचवीस दुकानं! तिथे नवीन माणसाने उतरायचं म्हणजे मोक्याच्या जागेचं भाडं भरायचं आणि तोच माल तसाच मांडून गिऱ्हाईकाची वाट बघत बसायचं.

दुसरी खरेदी गरजेची. दूध, आलं, साखर, अंडी, काडेपेटी, डासांची वडी, तापाची गोळी, मोजे, चार्जर, सॅनिटरी पॅड. ही वस्तू माणूस इथेच संपवण्यासाठी घेतो. ती मिळेपर्यंत त्याला चैन पडत नाही. संध्याकाळी सात ते नऊ आणि सकाळी साडेसहा ते आठ, या दोन वेळांत ही गरज असते. आणि नेमकी याच वेळी मोठ्या रस्त्यावर ही वस्तू सापडत नाही.

तुम्ही पर्यटनाच्या गावात काही सुरू करायचा विचार करत असाल तर आधी ठरवा, मी आठवण विकणार की गरज भागवणार? दोन्हींची जागा वेगळी, वेळ वेगळी, भांडवल वेगळं.

आता हिशेब : दुकान टाकलं तर

खालचे आकडे मी समजावण्यासाठी धरलेत. तुमच्या गावचे आकडे तुम्ही घालायचे.

समजा गाळ्याचं भाडं महिना २५,००० रुपये. वर्षाचे ३,००,०००.
एक मदतनीस, महिना १२,०००. वर्षाचे १,४४,०००.
वीज, इंटरनेट, किरकोळ, महिना ३,०००. वर्षाचे ३६,०००.
एकूण ४,८०,००० रुपये. यात तुमचा स्वतःचा पगार एक रुपयाही धरलेला नाही.

किराण्यात सरासरी मार्जिन १२ टक्के धरू. मग फक्त खर्च भरून निघायला वर्षाला ४० लाखांची विक्री लागेल.

आता वर्षात खरी गर्दीचे दिवस किती? शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ, मे महिना, जोडून आलेल्या सुट्ट्या मिळून समजा १२० दिवस. उरलेले २४५ दिवस मंदीचे. मंदीच्या दिवशी ४,००० रुपये विक्री धरली तर होतात ९,८०,०००. म्हणजे राहिलेले ३०,२०,००० रुपये १२० दिवसांत काढायचे. रोजची विक्री साधारण २५,००० रुपये.

दहा बाय बाराच्या दुकानात, दूध-साखर-बिस्किटं विकून, दिवसाला २५,००० रुपये! काढणारे काढतात, नाही असं नाही. पण पहिल्या वर्षी, ओळख नसताना? माझ्या विद्यार्थ्याचं इथेच फसलं. मे महिन्याचा गल्ला बघून वर्षाचं भाडं कबूल केलं.

आणि पावसाळा विसरू नका. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. पर्यटक कमी होतात तो एक भाग. दुसरा भाग म्हणजे माल. पोहे सादळतात, मिठाला पाणी सुटतं, पापडाला बुरशी येते, बिस्किटं मऊ पडतात, पुठ्ठ्याचे खोके ओलसर होऊन खाली बसतात. त्या मुलाने मे अखेरीला "स्कीम आहे" म्हणून भरपूर माल भरला होता. ऑगस्टपर्यंत त्यातला बराच फेकायच्या लायकीचा झाला.

काका काय करतात? मी विचारलं. म्हणाले, "मे महिन्यात पर्यटकाचं बघतो तसंच गावातल्या माणसांच्या बेगमीचं बी बघतो." पावसाळ्याची बेगमी! गावातली घरं, हॉटेलांचे कामगार, वसतिगृहं पावसाआधी सामान भरतात. काका तेव्हा पोत्यांनी विकतात आणि जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत स्वतःच्या फळ्या रिकाम्या करतात. पावसात दुकान चालतं ते गावावर. पर्यटक त्यांच्यासाठी वरची साय आहे, दूध गावच आहे.

हिशेब दुसरा : दुकान न टाकता

आता त्या कपाटाकडे परत या. समजा तुम्ही दुकान न टाकता "मुक्कामाचं सामान" विकलं. पाहुणे पोचायच्या आधी बंगल्याच्या ओट्यावर पिशवी तयार. सहा माणसं, दोन रात्री. काय लागतं ते मोजू.

चहा : तीन सकाळ, दोन संध्याकाळ म्हणजे पाच वेळा. सहा जणांचे ३० कप. कपाला साडेसात ग्रॅम साखर धरली तर २२५ ग्रॅम. चहा पावडर अडीच ग्रॅमप्रमाणे ७५ ग्रॅम. दूध कपाला ७० मिलिलिटर, म्हणजे दोन लिटरला थोडं जास्त.
पोहे : माणशी ७० ग्रॅमप्रमाणे एका नाश्त्याला ४२० ग्रॅम, म्हणजे अर्धा किलो.
खिचडी : तांदूळ माणशी ७५ ग्रॅम, मूगडाळ ३५ ग्रॅम. अर्धा किलो आणि पाव किलोत एक रात्र भागते.
वर कांदे-बटाटे एकेक किलो, अंडी एक डझन, आलं, मिरच्या, कोथिंबीर, लिंबं, तेलाची लहान पिशवी, मीठ-हळद-तिखट-फोडणीच्या छोट्या पुड्या, काडेपेटी आणि भांडी घासायचा साबण. हा साबण सगळे विसरतात!

समजा या सगळ्याची विक्री किंमत ६०० रुपये आणि तुमची खरेदी ५३०. फरक ७०. घरपोच देण्याचे १२० रुपये वेगळे, बिलावर स्पष्ट लिहून, आधी सांगून. हातात १९० आले. त्यातून पेट्रोल ३०, कापडी पिशवी आणि कागद १५, बंगल्याच्या केअरटेकरला २५. एकूण ७० गेले. उरले १२० रुपये.

१२० दिवस, दिवसाला सरासरी पाच पिशव्या. ६०० पिशव्या. वर्षाला ७२,००० रुपये.

आता मी तुम्हाला "महिन्याला लाखो कमवा" असं सांगणार नाही, ते सांगणारे खूप आहेत. ७२,००० रुपयांत घर चालत नाही. पण बघा, यात भाडं नाही, पगार नाही आणि फळीवर पडून राहणारा माल नाही. भांडवल वीस-पंचवीस हजारांत भागतं. नाही चाललं तर आईची ठेव जागेवर राहते. आणि चाललं तर वर्षभरात शंभर केअरटेकर तुम्हाला नावाने ओळखतात. ती ओळख हीच पुढच्या धंद्याची पागडी आहे. मग कांदा-भाजी चिरून द्या, बचत गटाच्या ताईंकडून भाकरी-पिठलं घ्या, ठेचा आणि लसणीची चटणी ठेवा. तिथे मार्जिन १२ टक्के नसतं, कारण तिथे कंपनीने किंमत छापलेली नसते.

वजनाला भाव : माथेरानकडून एक धडा

डोंगरावर माल चढवण्याचा खर्च कसा बघायचा, हे समजायला माथेरानचं उदाहरण घेऊ. तिथे हा खर्च डोळ्यांनी दिसतो. माथेरानला पर्यटकांच्या मोटारी चालत नाहीत. त्या दस्तुरी नाक्याला थांबतात. तिथून वर बराच माल जातो तो घोड्यावरून, हातगाडीवरून किंवा माणसाच्या डोक्यावरून. पण मिठाच्या पिशवीवर छापलेली किंमत नेरळला तीच आणि माथेरानलाही तीच!

समजा वर न्यायला किलोला ३ रुपये पडतात. एक किलो मिठावर तुम्हाला सुटतात समजा ३ रुपये. संपलं, हातात शून्य. पण ८० रुपयांच्या १०० ग्रॅम मसाल्याच्या पाकिटाला वाहतूक पडते ३० पैसे. म्हणून डोंगरावरचा दुकानदार जड आणि स्वस्त मालाला कंटाळतो, हलक्या आणि महाग मालावर प्रेम करतो. आणि म्हणूनच गरजेची वस्तू सहज सापडत नाही.

तुमच्या यादीतल्या प्रत्येक वस्तूसमोर दोन आकडे लिहा : एका किलोवर सुटतात किती आणि एका किलोला वाहतूक किती. ज्या वस्तूत दुसरा आकडा पहिल्याला खातो, ती वस्तू एकटी विकू नका, पिशवीत घालून विका.

"टुरिस्टच आहे, घ्या जास्त" या मोहाबद्दल

आता थोडं कडक बोलतो. वेष्टनावर छापलेल्या एमआरपीपेक्षा एक रुपयाही जास्त घेणं बेकायदा आहे. वैधमापन कायदा २००९ चा आणि पॅकबंद वस्तूंचे नियम २०११ चे. "थंड करायचे पैसे", "घाट चढून आणलंय", "सीझन आहे" यातलं एकही कारण चालत नाही. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. गिऱ्हाईकाने १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला तर दहा रुपयांसाठी दंड आणि नाव दोन्ही जातं. हॉटेलात बसून चहा पाजला तर त्याचा दर तुम्ही ठरवू शकता, ती सेवा आहे. बंद पाकिटाचा दर कंपनीने ठरवलेला असतो.

आणि हे चार मुद्दे सुरुवातीलाच पूर्ण करा :

१. गिऱ्हाईकासमोर वजन करून पुडी बांधणं वेगळं आणि आधीच पुड्या भरून ठेवणं वेगळं. आधी भरून ठेवल्या की तुम्ही पॅकर झालात. मग पाकिटावर नाव-पत्ता, वस्तूचं नाव, निव्वळ वजन, पॅक केल्याचा महिना-वर्ष, किंमत, तक्रारीसाठी संपर्क असं सगळं छापावं लागतं आणि वैधमापन विभागाकडे पॅकर म्हणून नोंदणी करावी लागते. सुरुवातीला सोपा रस्ता म्हणजे कंपनीची लहान पाकिटं पिशवीत घाला आणि सुटा माल मागणी आल्यावर, वजन दाखवून द्या.

२. खाण्याची कुठलीही वस्तू विकायची तर एफएसएसएआयची नोंदणी हवी. घरगुती चटणी असली तरी हवी.

३. इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी तपासून त्यावर शिक्का मारून घ्यायचा. प्रमाणपत्र भिंतीवर लावा, गिऱ्हाईकाला बरं वाटतं.

४. प्लास्टिकच्या पिशव्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. शिवाय महाबळेश्वर-पाचगणी हा भाग २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. कापडी पिशवी द्या, त्यावर तुमचा नंबर छापा. ती पिशवी पुण्या-मुंबईला जाते आणि पुढच्या सुट्टीच्या आधी कोणाच्या तरी हातात असते.

पर्यटक परत येत नाही. मग धंदा कोणावर?

हा प्रश्न मी काकांना शेवटच्या दिवशी विचारला. "काका, आम्ही आता निघून जाणार, परत कधी येऊ माहीत नाही. आमचं बिल कमी करून तुम्हाला काय मिळालं?"

काकांनी गल्ल्याखालून एक लांबट वही काढली. प्रत्येक पानावर एकेका बंगल्याचं नाव. त्याखाली केअरटेकरचा फोन, गॅस कुठल्या कंपनीचा, कुकर आहे का नाही, फ्रिज चालतो का. म्हणाले, "तुम्ही जाणार. पण ह्यो केअरटेकर कुठं जाणार? तुम्ही जाताना त्याला म्हणलात 'दुकान चांगलं सांगितलंस', की पुढचा पाहुणा बी माझाच."

झालं. अख्खा धडा एका वाक्यात. पाहुणा बदलतो, बंगला बदलत नाही. काकांचं खरं गिऱ्हाईक बंगला होता. आम्ही त्या बंगल्याचं या आठवड्याचं पोट होतो, बस. ज्याने बाटलीचे दहा रुपये जास्त घेतले, त्याने आम्हाला एकदाचं गिऱ्हाईक समजून लुटलं. काकांनी आम्हाला त्या बंगल्याचा निरोप समजून जपलं.

माझ्या विद्यार्थ्याला मी ही गोष्ट फोन करून सांगितली, माफीही मागितली. तो आता गावीच आहे, चुलत्याच्या दुकानात बसतो आणि शनिवार-रविवारी जवळच्या चार-पाच फार्महाउसना सामान पोचवतो. ठेव अजून भरून निघालेली नाही. पण परवा म्हणाला, "सर, आता मी गर्दी मोजत नाही. चुली मोजतो."

तुमचा गृहपाठ

पुढच्या सुट्टीत कुठेही जा, लोणावळा, पन्हाळा, तोरणमाळ, चिखलदरा, आंबोली. एवढं करा :

• पोचल्यावर पहिल्या दोन तासांत तुम्हाला काय लागलं आणि काय मिळालं नाही, ते लिहा.
• संध्याकाळी आठ वाजता आणि सकाळी सात वाजता बाजारात चक्कर मारा. कुठली दुकानं उघडी, कुठली बंद?
• मुक्कामाच्या जागी स्वयंपाकघर असेल तर ते कपाट उघडून बघा. काय उरलंय?
• केअरटेकरला विचारा, पाहुणे सगळ्यात जास्त काय मागतात?
• एकदा जुलैमध्येही त्या गावी जाऊन या. मे महिन्यात जागा बघून जुलै न बघता भाड्याच्या करारावर सही करू नका. ही चूक मी एकदा करायला लावली आहे, पुन्हा नाही.

आणि पैसे घालण्याआधी, कुठल्याही धंद्यात, गिऱ्हाईकाला काकांचे ते दोन प्रश्न तुमच्या भाषेत विचारा. किती माणसं? किती दिवस?

भेटू पुढच्या रविवारी. तोपर्यंत वही उघडी ठेवा!